शंभर टक्क्यांत कोण नाही?

मुंबई महापालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल जाहीर झाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. महापालिका शिक्षणावर हजारो कोटी खर्च करते, गणवेश, दप्तर, वह्या-पुस्तकं सगळं फुकट देते, तरी निकाल खासगी शाळांच्या मागेच. म्हणजे शिक्षक शिकवत नाहीत. आणि ज्या शाळा नीट चालवता येत नाहीत, त्या चालवू शकणाऱ्या संस्थांच्या हवाली कराव्यात. हे बोलणारी माणसं वाईट हेतूने बोलतात असं मी म्हणत नाही. काही जण करदाते म्हणून चिडलेले असतात, काही जण याच शाळांतून शिकून वर आलेले आणि आजची अवस्था पाहून हळहळणारे असतात. पण त्यांचा सगळा युक्तिवाद निकालाच्या टक्केवारीवर उभा आहे, आणि ती टक्केवारी एवढं ओझं पेलू शकत नाही. शाळेने काय केलं हे ती सांगतच नाही. वर्गात कोण बसलं होतं आणि परीक्षेआधी कोणाला उठवून लावलं होतं, एवढंच तिच्यातून कळतं, तेही नीट खोदून पाहिलं तर.

तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता आणि मुंबई महापालिकेच्या शाळांचा ७३.८१ टक्के. २०१९ मध्ये राज्य ७७.१० वर घसरलं आणि महापालिका ५३.१४ वर. २०२० मध्ये राज्य ९५.३० वर चढलं आणि महापालिका ९३.२५ वर. राज्य आणि महापालिका यांच्यातलं अंतर आधी साडेपंधरा टक्क्यांचं होतं, मग चोवीसचं झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दोनवर आलं. इमारती त्याच, शिक्षक तेच, वस्त्या त्याच. एका वर्षात महापालिकेचे शिक्षक आळशी झाले आणि पुढच्या वर्षी कर्तबगार झाले, असं कोणी मानत असेल तर त्याने तसं उघड म्हणावं. कोणी म्हणत नाही. पण २०१९ च्या आकड्यावरून या शाळांना नालायक ठरवणारे होते आणि २०२० च्या आकड्यावरून स्वतःची पाठ थोपटून घेणारं प्रशासनही होतं.

झालं होतं ते असं. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रं या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते. त्याआधी लेखी परीक्षा ८० गुणांची आणि २० गुण शाळेच्या हातात, उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून ३५. ज्याला तोंडीत १८ मिळाले त्याला लेखीत १७ पुरायचे. २०१९ ला त्याच मुलाला १०० गुणांच्या लेखी पेपरात ३५ मिळवावे लागले. मोठी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. २०२० मध्ये त्यात आणखी एक भर पडली: करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले.

तोंडीचे गुण सगळ्याच शाळांना मिळत होते आणि गेले तेही सगळ्यांचेच. तरी राज्य बारा टक्क्यांनी खाली आलं आणि महापालिका वीस टक्क्यांहून जास्त. याचा अर्थ समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. उत्तीर्णांची टक्केवारी फक्त एक रेघ मोजते, पस्तीसची. ज्या शाळेत बहुतेक मुलं साठ-सत्तरच्या घरात आहेत, तिथे पेपर थोडा कठीण निघाला किंवा तोंडीचे गुण गेले तरी रेघेखाली फार कोणी जात नाही. ज्या शाळेत निम्मा वर्ग तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये आहे, तिथे नियमातला लहानसा बदल शेकडा वीस-पंचवीस मुलांना या बाजूकडून त्या बाजूला नेतो. महापालिकेच्या शाळांचा निकाल एवढा हेलकावे खातो, कारण तिथली पुष्कळ मुलं त्या रेघेवर उभी आहेत. ती तिथे का उभी आहेत, कुठून चालत तिथपर्यंत आली, हा खरा प्रश्न आहे. पस्तिसाच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती या मोजणीत तो विचारलाच जात नाही.

यावर कोणी म्हणेल, तोंडीचे गुण शाळा खिरापतीसारखे वाटतात, म्हणून खरी पातळी ५३ टक्क्यांचीच. पुष्कळ शाळांत सरसकट अठरा-एकोणीस गुण दिले जातात हे खरं आहे. पण ते खासगी शाळांतही दिले जातात. नाहीतर राज्याचा निकाल बारा टक्क्यांनी पडला नसता. आणि २०१९ चा आकडा खरा मानायचा तर तोही एका वर्षाच्या नव्या अभ्यासक्रमाचा, नव्या प्रश्नपत्रिकेचा आकडा होता. दोन्ही आकडे शाळेची किंमत करायला निरुपयोगी आहेत, असंच मला म्हणायचं आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, शंभर टक्के निकालाच्या फलकांकडे. राज्यात दरवर्षी हजारो शाळांचा निकाल शंभर टक्के लागतो. त्यांतल्या अनेक शाळा खरोखर कष्ट घेतात आणि त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. पण शिक्षकांच्या खोलीत ज्याला नुसतं ‘सतरा नंबर’ म्हणतात, त्या फॉर्मबद्दल बोलल्याशिवाय शंभर टक्क्यांबद्दल बोलणं अप्रामाणिक आहे. शाळा सुटलेल्या, कामधंद्याला लागलेल्या मुलांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून मंडळाने हा फॉर्म ठेवला आहे. चांगली सोय आहे. तिचा दुसरा वापर मात्र असा होतो. नववीचा निकाल लागतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत अडवता येत नव्हतं, त्यामुळे नववी ही वर्षानुवर्षं पहिली खरी चाळणी राहिली. कच्च्या मुलाच्या आईला किंवा बापाला शाळेत बोलावलं जातं. मुलगा दहावीत निघणार नाही, त्याचं वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा दाखला घेऊन जा आणि सतरा नंबर भरा, असं समजुतीच्या सुरात सांगितलं जातं. बाप बहुधा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. शाळा सांगते आहे म्हणजे बरोबरच असेल असं समजून तो सही करतो. तो मुलगा पुढे दहावीला बसला तरी खासगी विद्यार्थी म्हणून बसतो. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा देतं, तो बहुतेक वेळा बराच खाली असतो, आणि कोणत्याही शाळेच्या फलकावर तो लागत नाही.

दोन शाळांची कल्पना करा. दोघींच्याही आठवीत ८० मुलं. पहिलीने नववीत २० जणांना वाटेला लावलं, ६० जण दहावीला बसवले, साठच्या साठ पास. दुसरीने कोणालाही काढलं नाही. चार मुलं गावी गेली, ७६ बसली, ६१ पास झाली. पहिलीचा निकाल शंभर टक्के, दुसरीचा ऐंशी. दुसरीने पहिलीपेक्षा एक मूल जास्त पास केलं, शिवाय पंधरा नापासांना शेवटपर्यंत वर्गात ठेवलं, त्यांना फेरपरीक्षेची तयारी करून घेता येईल अशा जागी ठेवलं. आपल्या समाजात आज पहिलीसमोर प्रवेशाची रांग लागते आणि दुसरीला कारणे दाखवा नोटीस जाते. महापालिकेची शाळा बहुतेक वेळा ही दुसरी शाळा असते, कारण तिला दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. पहिल्या शाळेतून दाखला घेतलेला मुलगा कुठे जातो? काही सतरा नंबरला, काही रात्रशाळेत, काही थेट कामावर, आणि काही महापालिकेच्या नववी-दहावीत. पहिल्या शाळेने गाळलेलं ते मूल मग महापालिकेच्या निकालात मोजलं जातं.

निकालावर शाळेची लायकी ठरवली की शाळा फक्त निकालासाठी चालू लागतात, हे माहीत व्हायला आपल्याला एकविसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलेलं नाही. इंग्लंडमध्ये १८६२ पासून रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनुसार शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या कामगिरीला बांधलं गेलं. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड तेव्हा शाळा तपासनीस होते. या पद्धतीने शिक्षण घोकंपट्टीत अडकतं म्हणून त्यांनी तिला सतत विरोध केला, आणि शतक संपण्याआधी ती गुंडाळावी लागली. मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची ही रीत होती. आज अनुदानाची जागा प्रतिष्ठेने आणि प्रवेशांच्या संख्येने घेतली आहे, पण शाळेवरचा दबाव तोच आहे.

मग महापालिकेच्या वर्गात बसतं कोण? एम पूर्व विभाग घेऊ: गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनार. महापालिकेनेच प्रसिद्ध केलेल्या २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरातल्या सगळ्या विभागांत तळाचा. देवनारचं डम्पिंग ग्राऊंड इथे, कत्तलखाना इथे. रेल्वेमार्गाच्या आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी शहरभरातून उठवलेली कुटुंबं लल्लूभाई कंपाऊंडमध्ये, वाशी नाक्याला आणून वसवली ती इथेच, २२५ चौरस फुटांच्या खोल्यांत. सहा-सात माणसांच्या घरात दहावीच्या मुलीला अभ्यासाला जागा मिळते ती रात्री सगळे झोपल्यावर, नाहीतर जिन्यात. झोपडी तुटली की शाळा बदलते. गावाकडे कोणी आजारी पडलं की दोन महिने शाळा बुडते. जरीच्या कारखान्यात किंवा बॅगा शिवायच्या गाळ्यात मोठा भाऊ जात असतो, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या धाकट्यालाही हाताशी घ्यायला घरचे उत्सुक असतात, कारण घरभाडं थांबत नाही.

भाषेचं ओझं तर चर्चेतही येत नाही. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. देशातल्या फार थोड्या स्थानिक संस्था असं काही करतात, आणि मुंबईने या गोष्टीचा अभिमान बाळगायला हवा. पण यातल्या मुलांच्या घरची बोली आणि शाळेचं माध्यम बऱ्याचदा एक नसतं. उर्दू माध्यमातल्या गोवंडीच्या मुलाच्या घरी अवधी किंवा भोजपुरी बोलतात, वर्गात उर्दू, शिवाय मराठी आणि इंग्रजी शिकायची. मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या बंजारा कुटुंबातली मुलगी मराठी माध्यमात बसते, पण तिच्या आईशी ती गोरमाटीत बोलते. २०१९ ला जे गुण गेले ते प्रामुख्याने भाषांचे होते. ते गेल्यावर महापालिकेची मुलं राज्याच्या दीडपटीहून जास्त का घसरली याचं कारण मला इथे दिसतं. ही मुलं बाहेरची आहेत, म्हणून निकाल खराब, असं म्हणणारेही भेटतात. ज्यांच्या आया या शहरातल्या घरोघरी धुणीभांडी करतात, त्या मुलांना बाहेरची म्हणणं मला मान्य नाही. ती या शहराची मुलं आहेत आणि त्यांच्या शिक्षणाचं देणं या शहराकडे आहे.

इथे मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींशीही भांडावं लागणार आहे. गरिबीचे आणि वस्तीचे हे तपशील सांगून झाले की ते सुस्कारा सोडतात: अशा घरातल्या मुलांकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची? ही दया त्या मुलांच्या मुळावर येते. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांहून जास्त विद्यार्थी तपासून अहवाल दिला, की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला दिसतो. त्याचा सोयीस्कर अर्थ लगेच काढला गेला की शाळा काही बदलू शकत नाही, मग तिच्यावर खर्च तरी कशाला. पण घर वजनदार आहे याचा अर्थ शाळा हलकी आहे असा होत नाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, त्याच्यासाठी शाळा हीच पुस्तकाची एकमेव जागा आहे. ज्याच्या घरी सगळं आहे त्याचं शाळा बुडाली तरी भागतं. म्हणून गोवंडीच्या शाळेला दादरच्या शाळेइतकंच देणं हा न्याय नव्हे. तिला जास्त द्यायला हवं, आणि जास्त दिल्यावर जास्त मागायलाही हवं.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा टाळून चालणार नाही. ते म्हणतात, आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था महापालिकेच्याच इमारतीत, त्याच वस्तीतल्या मुलांना शिकवतात आणि त्यांचे निकाल चांगले लागतात. मग दोष व्यवस्थेचा नाही तर काय? या संस्थांचं काम मी मोलाचं मानतो. पण त्यांच्या यशात काय काय आहे ते पाहा. मूल बालवर्गापासून त्यांच्याकडे असतं आणि दहावीपर्यंत त्यांच्याकडेच राहतं. महापालिकेच्या पैशाशिवाय देणगीदारांचा पैसा प्रत्येक मुलामागे लागतो. घरी जाऊन चौकशी करणारी माणसं नेमलेली असतात. मुलाचं नाव घालण्यासाठी धडपडून अर्ज करणारे पालक मिळतात. यातली एकही गोष्ट खासगी असण्यामुळे येत नाही. सातत्य, पुरेशी माणसं, लवकर सुरुवात आणि जास्तीचा पैसा यांमुळे ती येते. म्हणजे या शाळा माझ्या म्हणण्याचा पुरावा आहेत. त्याच वस्तीतलं मूल शिकतं. त्याला जे लागतं ते मिळायला हवं. महापालिकेच्या माध्यमिक शाळेत मात्र कित्येक विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सोडलेले असतात, आणि जे कायम आहेत त्यांना मतदार याद्यांपासून सर्वेक्षणांपर्यंतची कामं लावली जातात. २०२४ च्या जानेवारीत मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी मुंबईत जे कर्मचारी घरोघर फिरले त्यांत शिक्षकही होते. दहावीच्या परीक्षेला तेव्हा महिना-सव्वा महिना राहिला होता. एखाद्या नामांकित खासगी शाळेचा गणिताचा शिक्षक जानेवारीत पंधरा दिवस कोणी उचलून नेला असता तर पालकांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

खर्चाच्या मुद्द्याला दोन उत्तरं आहेत. २०२४-२५ साठी महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प साडेतीन हजार कोटींच्या घरात होता. त्याला मुलांच्या संख्येने भागून दर मुलामागे एवढे लाख, असं गणित मांडलं जातं. त्या पैशात खासगी अनुदानित प्राथमिक शाळांना दिलेलं अनुदान आहे, इमारतींची दुरुस्ती आहे, २७ शालोपयोगी वस्तू आहेत. दुसऱ्या पारड्यात मात्र खासगी शाळेची फक्त फी टाकली जाते. आणि क्लास? ठाणे, मुलुंड, दादर, बोरिवलीत नववी-दहावीच्या क्लासची फी शाळेच्या फीच्या वर जाते. दहावीत ९४ टक्के मिळवलेल्या मुलाचा फोटो शाळाही छापते आणि क्लासही छापतो. त्याच्या गुणांतले शाळेचे किती, क्लासचे किती, बारावीपर्यंत शिकलेल्या आईचे किती, हे कोणी वेगळं केलेलं नाही. महापालिकेच्या मुलाचे पस्तीस असोत की पंचावन्न, ते बहुधा एकट्या शाळेच्या बळावरचे असतात. दुसरं उत्तर जुनं आहे. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी त्यांची मागणी होती. आजही साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर गोवंडीतला जरीकामगार कर भरतो. करदाता म्हणून बोलण्याचा अधिकार त्यालाही आहे.

वर्गात कोण बसणार हे खासगी शाळा किती जपतात याचा पुरावा अलीकडचाच आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितलं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर हे बंधन नाही. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात याचा अर्थ जवळपास सगळ्या खासगी शाळा मोकळ्या, असा होत होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ही दुरुस्ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण त्या नियमामागची विचारसरणी न्यायालयाने पुसून टाकलेली नाही. गरीब मुलाने सरकारी शाळेतच जावं, सरकारी शाळेत फक्त गरीब मुलानेच जावं, आणि मग दहावीला दोन्ही शाळांची तुलना करून सरकारी शाळा हरली असं जाहीर करावं. हे तिन्ही मुद्दे एका श्वासात मांडणाऱ्यांना माझा विरोध आहे.

महापालिकाही या वर्गवारीपासून अलिप्त राहिलेली नाही. शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव दिलं, सीबीएसईच्या शाळा काढल्या, अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त आले म्हणून सोडत काढावी लागली. पालकांचा हा प्रतिसाद म्हणजे सार्वजनिक शाळेवरचा विश्वास मेलेला नाही याची खूण आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण अर्ज कधी सुटतो याची खबर ठेवणारे, ऑनलाइन फॉर्म भरू शकणारे, मुलाला दूरच्या शाळेत सोडायला जाऊ शकणारे पालक एका बाजूला जमा होतात, आणि मराठी-उर्दू-हिंदी माध्यमाच्या वर्गात उरतात ती त्याहून अडचणीतली मुलं. काही वर्षांत महापालिकेच्याच दोन प्रकारच्या शाळांचे निकाल शेजारी छापले जातील, आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला विचारलं जाईल, त्यांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही. हा प्रश्न विचारला जाण्याआधीच तो चुकीचा आहे हे नोंदवून ठेवतो.

शिक्षकांना आणि प्रशासनाला मी पाठीशी घालतो आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. आठवीत आलेल्या मुलाला सरळ उतारा वाचता येत नसेल आणि ते मूल पहिलीपासून महापालिकेच्याच शाळेत असेल, तर त्याची जबाबदारी महापालिकेची आहे. वस्तीची नाही, बापाच्या व्यसनाची नाही, भोजपुरीची नाही. अशी मुलं आहेत आणि ती थोडी नाहीत. वयानुसार वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे. ते प्रशिक्षण कागदावर उरकलं जात असेल तर जाब विचारायलाच हवा. माध्यमिकच्या शाळा प्राथमिकच्या तुलनेत फार कमी असल्यामुळे आठवीला जी गळती होते, त्याचाही जाब हवा. पण हा जाब दहावीच्या टक्केवारीतून विचारता येत नाही. तिच्या धाकाने उलट होतं: नववीतल्या कच्च्या मुलाला वाचायला शिकवण्याऐवजी त्याला दहावीच्या यादीतून वगळणं शाळेला परवडतं. इंग्लंडने २००६ मध्ये शाळांच्या निकालात मुलांची पार्श्वभूमी धरून वेगळं मोजमाप सुरू केलं होतं. काही वर्षांत ते सोडलं, आणि २०१६ पासून मूल कुठून सुरू झालं आणि कुठे पोहोचलं याची तुलना करणारं दुसरं आणलं. या मोजमापांबद्दलही वाद आहेत, त्यांच्यात चुका आहेत. तरी सुरुवात कुठून झाली हे विचारण्याची गरज तिथे मान्य झाली आहे.

आपल्याकडे हे विचारायला लागणारी साधनं तयार आहेत. २०१५ पासून सरल प्रणालीत राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे. मूल कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत गेलं, केव्हा दाखला काढला, हे खात्याला दिसतं. मंडळाकडे परीक्षेला बसलेल्यांची आणि सतरा नंबरवाल्यांची यादी आहे. या दोन याद्या जोडायला नवा कायदा लागत नाही. पुढच्या मे महिन्यात प्रत्येक शाळेच्या निकालासमोर, मग ती महापालिकेची असो, अनुदानित असो की लाखभर फी घेणारी असो, मंडळाने आणखी दोन रकाने छापावेत: दोन वर्षांपूर्वी या शाळेच्या आठवीच्या पटावर किती मुलं होती, आणि त्यांपैकी किती जण याच शाळेतून दहावी पास झाले. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी दाखला घेतला, त्यांतले किती सतरा नंबरला गेले हेही खाली लिहावं. ते छापून आल्यावर महापालिकेच्या शाळा चांगल्या की वाईट यावर ज्यांना वाद घालायचा आहे, त्यांच्याशी बसून वाद घालायला मी तयार आहे.